बायेल्वाच्या काठी: उत्तर ध्रुववृत्तातील पाण्याच्या शोधात दहा-बारा दिवस

८ जुलै, वास्को

वास्कोच्या हेडलँड सडा भागात असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात मी सकाळी नऊला पोहोचले तेव्हा पावसाने मुरगाव बंदर पार झाकून टाकले होते. बाहेर सरीवर सर कोसळत होती आणि आत मी जाड अंगरखे, लोकरी मोजे आणि बर्फात चालायचे बूट अंगाला बरोबर बसतात की नाही हे पाहत होते. आर्क्टिक मोहिमेसाठी निवड झालेल्या प्रत्येकाला ही तयारी येथे करावी लागते, कारण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील नी-ऑलेसुंड येथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे आणि त्याचा सारा कारभार याच संस्थेकडून चालतो. 'हिमाद्री'चे उद्घाटन १ जुलै २००८ रोजी झाले. त्याआधी २००७ च्या ऑगस्टमध्ये भारताची पहिली पाच जणांची तुकडी तेथे जाऊन आली होती.

माझे मूळ काम सह्याद्रीतील झऱ्यांवरचे आहे. पाटण तालुक्यातील आमच्या गावात अण्णा, म्हणजे माझे वडील, कित्येक वर्षे रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक वाचत आणि आकडा एका लांबट वहीत लिहीत. पाऊस किती पडला, कधी पडला आणि पडलेले पाणी पुढे कुठे गेले, हे तीन प्रश्न मी त्या वहीतूनच शिकले. या वेळी तेच प्रश्न घेऊन मी ७८ अंश ५५ मिनिटे उत्तर अक्षांशावरील बायेल्वा नावाच्या एका छोट्या नदीकडे निघाले होते. त्या नदीच्या पाण्यात यंदाच्या हिवाळ्याचे हिम किती, हिमनदीचा जुना बर्फ किती, ताजा पाऊस किती आणि गोठलेल्या जमिनीतून सुटलेले पाणी किती, हे वेगळे काढणे हे माझे काम होते. तेथील गवत, शेवाळ, पक्षी आणि रेनडिअर यांचे सारे वेळापत्रक पाणी कधी घट्ट आणि कधी पातळ असते यावर बेतलेले आहे, आणि ते वेळापत्रक आता हलले आहे.

९ आणि १० जुलै, लाँगइयरब्येन

दिल्ली, मग युरोपातील एक मोठा विमानतळ, मग ओस्लो, असा हा प्रवास. ओस्लोहून निघताना पासपोर्ट तपासला जातो, कारण स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असले तरी शेंगेन या युरोपातील सामाईक व्हिसाच्या क्षेत्रात मोडत नाही. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताच्या वतीनेही सही झालेली आहे, ही गोष्ट मला निघण्याच्या आठवडाभर आधी समजली आणि तेव्हापासून ती मनातून गेलेली नाही.

स्वालबार्डच्या मुख्य गावी, लाँगइयरब्येनला, उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यावर तीनपैकी दोनच पेट्या आल्या. तिसऱ्या पेटीत नमुने भरण्याच्या काचेच्या कुप्या होत्या, प्रत्येकीवर मी पुण्यात हाताने क्रमांक घातलेला. ज्या विमान कंपनीने ती वाटेत कुठेतरी ठेवली होती, तिच्या कर्मचाऱ्याने एक अर्ज भरून घेतला आणि दोन-तीन दिवस थांबा असे सांगितले. नदी दोन-तीन दिवस थांबत नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खिडकीबाहेर मध्यरात्रीचे ऊन पडलेले होते.

दुसऱ्या दिवशी विमानतळामागच्या डोंगराच्या पोटातील जागतिक बियाणे साठवणगृहाचे दार लांबून पाहिले. जगभरच्या पिकांचे वाण येथे गोठलेल्या जमिनीत २००८ पासून सुरक्षित ठेवले जातात. २०१६ च्या शरद ऋतूत येथे नेहमीपेक्षा फार उबदार हवा आली, पाऊस झाला आणि पाणी प्रवेशाच्या बोगद्यात शिरून तेथेच गोठले. बियाण्यांपर्यंत ते पोहोचले नाही, पण त्यानंतर बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला. जमीन कायम गोठलेली राहील याही भरवशावर ती जागा निवडली होती, त्यामुळे हे दार पाहताना माझ्या मनात बियाण्यांपेक्षा त्या पाण्याचाच विचार अधिक होता.

११ जुलै, नी-ऑलेसुंड

दोन पंख्यांच्या छोट्या डॉर्निअर विमानाने अर्ध्या तासाच्या आत आम्ही नी-ऑलेसुंडला उतरलो. खाली हिमनद्या इतक्या जवळून दिसत होत्या की त्यांच्या अंगावरील भेगा मोजता आल्या असत्या. विमान थांबण्याआधीच फोन 'फ्लाइट मोड'वर टाकण्याची सूचना झाली, आणि तो पुढे परत निघेपर्यंत तसाच राहिला. गावाभोवती वीस किलोमीटरच्या परिघात वायफाय आणि ब्लूटूथ वापरण्यास मनाई आहे, कारण येथील भूमापन वेधशाळा अतिदूरच्या ताऱ्यांसारख्या रेडिओ स्रोतांचे क्षीण संकेत पकडून पृथ्वीचे फिरणे मोजते. परिणामी माझी सगळी उपकरणे तारेने जोडायची होती.

हे गाव मुळात कोळशाच्या खाणीचे. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मरण पावले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि ते प्रकरण नॉर्वेचे सरकार पडण्यापर्यंत गेले. आज त्याच लाकडी घरांत दहा-अकरा देशांची संशोधन केंद्रे आहेत. खाणीच्या गाडीचे छोटे इंजिन गावात तसेच उभे आहे. मे १९२६ मध्ये उत्तर ध्रुवावरून उडालेले 'नॉर्गे' हे हवाई जहाज ज्या लोखंडी मनोऱ्याला बांधून ठेवले होते, तो मनोराही गावाबाहेर आहे. चीनच्या केंद्राच्या दारात दोन दगडी सिंह बसलेले आहेत, आणि 'हिमाद्री' त्या रांगेतील एक साधे दुमजली घर आहे.

आत शिरताना बूट दाराशीच काढायचे, हा येथील जुना नियम खाणकामगारांच्या काळापासूनचा आहे. आपल्याकडच्या माणसाला तो शिकवावा लागत नाही.

१२ जुलै

दिवसभर प्रशिक्षण. गावाबाहेर पाऊल टाकायचे तर ध्रुवीय अस्वलापासून बचावासाठी बंदूक बाळगावी लागते, आणि ती बाळगायची तर नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. घरांची दारे कुलूपबंद ठेवत नाहीत, म्हणजे अस्वल दिसल्यास कोणालाही कोणत्याही घरात शिरता येते. परतीच्या वाटेवर आर्क्टिक सुरयांनी डोक्यावर झडप घातली. रस्त्याच्या कडेला खडीत त्यांची अंडी होती. अंटार्क्टिकच्या उन्हाळ्यापासून आर्क्टिकच्या उन्हाळ्यापर्यंत दरवर्षी उडत येणारा हा पक्षी येथे आपल्या अंड्यांसाठी कोणालाही टोचायला तयार असतो. हातात उंच धरलेली काठी असली की तो काठीच्या टोकावर चोच मारतो आणि डोके वाचते.

कुप्यांची पेटी आली नव्हती. शेजारच्या एका देशाच्या केंद्रातील संशोधकांनी न मागता प्लॅस्टिकच्या दोनशे बाटल्या आणून दिल्या.

१३ आणि १४ जुलै, बायेल्वा

गावापासून पश्चिमेला तीन किलोमीटर चालत गेले की बायेल्वा लागते. पूर्व आणि पश्चिम ब्रॉगर या दोन हिमनद्यांचे पाणी तिच्यातून काँग्सफियोर्ड या समुद्राच्या अरुंद खाडीत जाते, आणि तिच्या पाणलोट क्षेत्राचा जवळजवळ अर्धा भाग अजून बर्फाखाली आहे. पहिल्या दृष्टीला मी थबकले, कारण पाणी तांबडे होते. वरच्या बाजूला असलेल्या लाल वाळूच्या दगडाचे पीठ हिमनदी दळत असते आणि ते पीठ नदीत उतरते. कोयनेला पहिल्या पावसात येणारा रंग अगदी असाच असतो.

येथे सूर्य ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत मावळत नाही, तरीही नदीला दिवस-रात्र कळते. दुपारी सूर्य उंच असताना हिमनदीवर वितळणे वाढते, ते पाणी बर्फावरील ओढ्यांतून खाली यायला काही तास लागतात आणि नदीचा चढ संध्याकाळी येतो. पहाटे ती उतरते. हा चढ-उतार पकडण्यासाठी मी आणि माझा मोहिमेतील साथीदार, अशा आम्ही दोघांनी पाळीपाळीने चोवीस तास दर दोन तासांनी नमुने घेतले. जो नमुना घेत नसेल, त्याने बंदूक खांद्यावर घेऊन डोंगराकडे नजर ठेवायची.

प्रवाह मोजण्याची पद्धत मी सह्याद्रीत वापरते तीच होती. मुख्य नदीवर नॉर्वेच्या जलखात्याचे मोजमाप केंद्र अनेक वर्षांपासून आहे, त्यामुळे आमचे लक्ष तिला मिळणाऱ्या, टुंड्रातून येणाऱ्या एका ओढ्यावर होते. दोन किलो मीठ बादलीतील ओढ्याच्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत ढवळले. किती मीठ आणि कुठे टाकणार हे मोहिमेच्या नोंदणीच्या अर्जात आधीच लिहून द्यावे लागले होते. साथीदाराने वरच्या वळणावर बादली एकदम ओतली. साठ पावले खाली मी विद्युत वाहकता मापकाचा दांडा पाण्यात धरून बसले होते. पहिला दीड मिनिट आकडा जागचा हलला नाही. मग तो सावकाश चढू लागला, झपाट्याने वर गेला आणि तितक्या घाईने नव्हे, पण निश्चितपणे उतरत मूळ जागी आला. प्रवाह मोठा असेल तर मीठ जास्त पातळ होते आणि हा उंचवटा बुटका राहतो. प्रवाह बारीक असेल तर तो उंच येतो. त्या वक्ररेषेखालच्या क्षेत्रफळावरून सेकंदाला किती लिटर पाणी वाहते ते निघते. पाण्यात बोटे इतकी बधिर झाली होती की पेन्सिल धरता येईना, म्हणून आकडे मी मोठ्याने वाचत गेले आणि त्याने लिहिले.

वाहकता आणखी एक गोष्ट सांगते. हिम आणि हिमनदीच्या बर्फाचे पाणी जवळजवळ निर्मळ असते, तर उन्हाळ्यात वितळलेल्या मातीच्या थरातून झिरपत आलेल्या पाण्याने खनिजे उचललेली असतात. पहाटे, नदी सर्वात बारीक असताना वाहकता वाढलेली दिसली, आणि संध्याकाळी चढ आल्यावर ती घटली. एकाच नदीत पहाटे जमिनीचा आवाज मोठा असतो आणि संध्याकाळी हिमनदीचा.

नदीकाठच्या एका चढावर जर्मन आणि फ्रेंच संशोधकांचे मापन केंद्र आहे, जिथे १९९८ पासून जमिनीच्या आतील तापमान नोंदले जात आहे. स्वालबार्डची जमीन किनाऱ्याजवळ सुमारे शंभर मीटर खोलीपर्यंत आणि डोंगरांत कित्येकशे मीटरपर्यंत वर्षभर गोठलेली असते. उन्हाळ्यात फक्त वरचा थर सुटा होतो. या थराखाली पाणी जिरू शकत नाही. त्यामुळे वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास वृष्टी होणाऱ्या या कोरड्या प्रदेशातही जुलैत पायाखाली चिखल असतो आणि शेवाळाच्या गाद्या टचटचीत भिजलेल्या असतात. खालचे झाकण उघडले, म्हणजे गोठलेला तळ खोल गेला, की वरची जमीन वाळू लागेल. नदीचे पाणी आणि शेवाळाचे जगणे येथे एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

१५ जुलै, पाऊस

रात्री धुके उतरले आणि सकाळी बारीक पाऊस लागला. आपल्याकडच्या हिशेबाने तो पाऊसच नव्हे, पण बाहेर ठेवलेल्या नरसाळ्यातून बाटलीत तीन बोटे पाणी जमले तेव्हा मला आठवड्यातील सर्वात मोठी कमाई झाल्यासारखे वाटले. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात हे शाळेत शिकलेले असते. त्यांपैकी काही रेणूंत ऑक्सिजन-१८ किंवा ड्युटेरियम ही जड भावंडे असतात. समुद्रावरून वाफ उठताना हलके रेणू आधी निघतात आणि ढग थंड होत उत्तरेकडे सरकतो तसे जड रेणू आधी गळून पडतात. म्हणून गोव्याच्या पावसातले पाणी जड आणि ध्रुवाकडचे हिम हलके असते. हिवाळ्याचे हिम उन्हाळ्याच्या पावसाहून हलके असते. नदीच्या थेंबात कोणाचा वाटा किती हे याच फरकावरून काढता येते.

त्याहून मोलाची गोष्ट अशी की, या दोन जड रूपांच्या आपसांतील प्रमाणावरून वाफ कशा समुद्रावर, किती कोरड्या हवेत उठली याचाही माग लागतो. समुद्रावर बर्फाचे झाकण असते तेव्हा तेथून वाफ उठत नाही. झाकण हटले की जवळचाच समुद्र वाफ देऊ लागतो आणि त्या वाफेची खूण पावसात राहते. आर्क्टिकचा पाऊस कुठून येतो, हे म्हणूनच पावसाला विचारून कळते. हा धागा आपल्यापर्यंतही येतो. आर्क्टिकमधील कारा समुद्रावरचा उन्हाळी बर्फ कमी असणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांच्यात संबंध असावा, असे भारतीय संशोधकांनी अलीकडे मांडले आहे. हा संबंध सिद्ध झाला असे म्हणायला अजून बराच पल्ला आहे, पण तो तपासण्याजोगा आहे याबद्दल मला शंका नाही.

जेवायला सगळे गाव एका मोठ्या भोजनगृहात जमते. तेथे पावसाचा विषय निघाला आणि एका वयस्क नॉर्वेजियन तंत्रज्ञाने फेब्रुवारी २०२५ ची आठवण सांगितली. त्या महिन्याच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर आलेलाही नसतो आणि येथे कडाक्याची थंडी असायला हवी. त्याऐवजी पाऊस पडला, वितळलेल्या पाण्याची तळी साचली आणि काही ठिकाणी उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवे दिसू लागले. हिमाचे नमुने घ्यायला आलेल्या संशोधकांना पावसाळी कपड्यांत उभे राहावे लागले. तो हे सांगत असताना टेबलावर कोणीच काही बोलले नाही.

संध्याकाळच्या विमानाने माझी पेटी आली. तीन कुप्या फुटल्या होत्या, बाकी सर्व शाबूत.

१६ जुलै, मधली लोवेन हिमनदी

गावाच्या पूर्वेला लोवेन नावाच्या तीन हिमनद्या आहेत, त्यांतील मधल्या हिमनदीवर आज चढलो. नॉर्वेची ध्रुवीय संस्था पूर्व ब्रॉगर हिमनदीचे वस्तुमान १९६७ पासून आणि या हिमनदीचे १९६८ पासून दरवर्षी मोजते. पद्धत बँकेच्या पासबुकासारखी: हिवाळ्यात किती हिम जमा झाले, उन्हाळ्यात किती बर्फ खर्च झाला. बर्फात रोवलेल्या खुंट्या किती उघड्या पडल्या यावरून खर्च कळतो. या जवळजवळ साठ वर्षांत जमा खर्चापेक्षा जास्त झाल्याची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात तर साऱ्या स्वालबार्डमध्ये वितळण्याचा विक्रम झाला. आज एका खुंटीची मी पाहिलेली उघडी उंची माझ्या खांद्याच्या वर होती.

बर्फाचा पृष्ठभाग लांबून पांढरा वाटतो. जवळ जाऊन गुडघ्यांवर बसले तेव्हा त्यात सरळ खाली गेलेली शेकडो गोल भोके दिसली, काही करंगळीएवढी तर काही वाटीएवढी, आणि प्रत्येकात निळसर स्वच्छ पाणी आणि तळाशी काळपट गाळाचा थर. या गाळाला क्रायोकोनाइट म्हणतात. वाऱ्याने आलेली धूळ काळी असल्यामुळे ऊन शोषते, तिच्याखालचा बर्फ जास्त वितळतो आणि ती हळूहळू स्वतःची विहीर खणत खाली जाते. पण ती नुसती धूळ नसते. तिच्यात नीलहरित जिवाणूंचे तंतू असतात, ते धुळीचे कण एकमेकांना बांधून त्यांचे गोळे करतात, त्या गोळ्यांवर इतर जिवाणू आणि डोळ्यांना न दिसणारे जलअस्वलांसारखे प्राणी जगतात. मी एका भोकातील गाळ चमच्याने तळहातावर घेतला. बाजरीच्या पिठाच्या बारीक गोळ्यांसारखे ते मऊ कण होते आणि त्यांना ओल्या मातीचा वास होता. चारी दिशांना बर्फ असताना मातीचा वास येणे ही गोष्ट मी विसरणार नाही.

भारतीय चमूंनी या भोकांतील सजीवांवर पूर्वीही काम केले आहे. आमच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व असे की, हे पाणी खाली जाताना आपल्याबरोबर जिवाणू, कार्बन आणि पोषकद्रव्ये घेऊन नदीत आणि पुढे समुद्रात उतरते. हिमनदी नुसते पाणी देत नाही, तर बियाणे आणि खतही देते असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

१७ जुलै, ब्रॉगर द्वीपकल्पावर

टुंड्रातील चौकोनी क्षेत्रांत आज दिवसभर लोखंडी सळई जमिनीत खोचत फिरलो. गोठलेला थर लागला की सळई टणकन थांबते आणि तेवढी खोली लिहायची. शेवाळाच्या जाड गादीखाली ती लवकर थांबली, उघड्या खडीत बरीच खोल गेली. शेवाळ जमिनीला गोधडीसारखे झाकून ठेवते. येथील 'झाड' म्हणजे ध्रुवीय विलो, जो माझ्या घोट्यापर्यंतही पोहोचत नाही. त्याची सारी फांदी-खोडे शेवाळात दडलेली असतात आणि वर नुसती दोन-तीन पाने दिसतात. मध्येच जांभळ्या सॅक्सिफ्रेजच्या वाळत आलेल्या फुलांचे पुंजके होते.

एका उतारावर रेनडिअरचा सांगाडा पडलेला होता, शिंगांसकट. स्वालबार्डच्या रेनडिअरना लांडग्याचे भय नाही. त्यांचा मोठा शत्रू हिवाळ्यातील पाऊस आहे. हिमावर पाऊस पडला की पाणी हिमातून झिरपून जमिनीशी गोठते आणि चाऱ्यावर काचेसारखे झाकण बसते. त्यांना खुराने भुसभुशीत हिम उकरता येते, पण हे झाकण फोडता येत नाही. या द्वीपकल्पावर १९७८ मध्ये थोडी रेनडिअर आणून सोडली होती. ती वाढत वाढत १९९३ पर्यंत साडेतीनशेच्या घरात गेली, आणि १९९३-९४ च्या एकाच हिवाळ्यात जमिनीवर बर्फाचा थर बसल्यानंतर त्यांतील बहुतेक नाहीशी झाली. काही उपाशी मेली, काही दुसरीकडे निघून गेली. अशा हिवाळ्यांत ती किनाऱ्यावर उतरून समुद्री शेवाळ खातानाही आढळली आहेत.

आपल्या मनात पाऊस म्हणजे जीवन, पीक, भरलेली विहीर. तोच पाऊस चुकीच्या महिन्यात पडला की येथे उपासमार होते, आणि हिमाऐवजी पाणी पडले म्हणून पाणी वाढले असे नव्हे, ते प्राण्यांना अडवणारे झाले, हे त्या सांगाड्याशेजारी उभे राहून मला प्रथमच पुरते समजले. एकूण वृष्टी किती हा आकडा एवढ्यासाठी अपुरा आहे. किती मिलिमीटर यापेक्षा कोणत्या रूपात आणि कोणत्या महिन्यात, हे लिहिले गेले पाहिजे.

जवळच बार्नॅकल जातीचे रानहंस पिलांना घेऊन चरत होते. १९४० च्या दशकात काही शेकड्यांवर आलेली त्यांची संख्या हिवाळी मुक्कामाच्या प्रदेशात, म्हणजे स्कॉटलंड-इंग्लंडच्या सीमेवरील खाडीत, शिकारीवर बंदी आल्यानंतर हजारोंवर गेली. त्यांच्या विष्ठेने तळ्याकाठचे शेवाळ गर्द हिरवे झाले होते.

१८ जुलै, काँग्सफियोर्ड

बोटीने फियोर्डच्या मुखाकडून आतल्या टोकाला, क्रोनेब्रेएन हिमनदीच्या कड्यासमोर गेलो. कडा तुटण्याच्या भीतीने बोट पुरेशी लांब ठेवली होती. वाटेत ब्लोमस्ट्रँड लागले. जुन्या नकाशांवर ते द्वीपकल्प होते, कारण मुख्य भूमीशी त्याला हिमनदी जोडत असे. ती मागे हटली आणि १९९० च्या दशकात ते चारी बाजूंनी पाणी असलेले बेट निघाले.

हिमनदीच्या पायथ्याशी समुद्राखाली गोडे पाणी बाहेर पडते. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे उसळून वर येते आणि खालचे समुद्रजीव आपल्याबरोबर वर आणते. त्यामुळे कड्यासमोरच्या तांबूस-तपकिरी पट्ट्यात किटिवेक पक्ष्यांची झुंबड होती. पाण्यावर आदळून ते चोचीत काहीतरी उचलत आणि लगेच वर उठत. हिमनदी मागे सरकून जमिनीवर गेली की हे उसळणे बंद पडेल आणि हे ताटही जाईल. वितळणे वाढले म्हणजे पक्ष्यांचे अन्न वाढते असे क्षणभर वाटते, परंतु ही वाढ ते अन्न संपण्याआधीची असते.

परतताना 'इंडआर्क' जिथे आहे त्या पाण्यावरून गेलो. वर काहीच दिसत नाही. २०१४ च्या जुलैत भारतीय संशोधकांनी नॉर्वेच्या मदतीने १९२ मीटर खोलीवर बसवलेली ही उपकरणांची साखळी समुद्राचे तापमान आणि क्षारता नोंदवते. अटलांटिकचे उबदार पाणी पश्चिम किनाऱ्याने वर येऊन या फियोर्डमध्ये शिरते. २००५-०६ च्या हिवाळ्याआधी फियोर्डचा आतला भाग नियमाने गोठत असे. त्यानंतर तो तसा गोठत नाही. एका बाजूने समुद्राचे उबदार खारे पाणी आत येते, दुसऱ्या बाजूने हिमनद्यांचे थंड गोडे पाणी उतरते, आणि दोघांच्या मध्ये, सूक्ष्मजीवांपासून पक्ष्यांपर्यंत, सगळ्यांचे जगणे आहे.

१९ जुलै

शेवटचे नमुने. सकाळी नदीवर गेलो तर रात्रभराच्या उबदार हवेने ती काठोकाठ भरली होती आणि दगड आपटण्याचे आवाज पाण्याखालून येत होते. पाण्यात ठेवलेला डेटा लॉगर, म्हणजे मोजमापे आपोआप साठवणारे उपकरण, वाहून गेला की काय अशी धाकधूक होती, पण तारेने बांधलेला तो गाळात अर्धा गाडला गेलेला सापडला. त्यातल्या सगळ्या नोंदी सुखरूप होत्या. कुप्यांची झाकणे घट्ट बसवून त्यांवर पट्टी गुंडाळली, कारण थोडी वाफ निसटली तरी आतल्या पाण्याची खूण बदलते.

संध्याकाळी 'हिमाद्री'तील तारेच्या इंटरनेटवरून घरी बोलले. अण्णांनी नेहमीप्रमाणे तब्येत विचारायच्या आधी पाऊस विचारला.

"तिकडं किती झाला गं?"

मी इथल्या सगळ्या दिवसांची बेरीज सांगितली. इतकाच, असे म्हणून ते थोडे थांबले. आमच्या गावात त्याच्या कित्येक पट पाऊस एका दुपारी पडतो. मग मी त्यांना फेब्रुवारीतल्या पावसाची, त्याने बर्फ झालेल्या चाऱ्याची आणि उतारावर पाहिलेल्या सांगाड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली.

"मग वहीत फेब्रुवारीचा रकाना वेगळा आख," ते म्हणाले, "आणि पाणी होतं का बर्फ, तेबी लिही."

फोन ठेवल्यावर मी नोंदवही उघडली आणि तारखेच्या शेजारी आणखी एक उभी रेघ ओढली.